ओढ्याकाठचा प्लॉट

आईला प्लॉट मिळाला तो चिठ्ठीत. अंबाजोगाईला दवाखान्यातल्या नर्स, कंपाउंडर, कारकून, एक्स-रेवाले अशा पन्नास-साठ जणांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती आणि गावाच्या कडेला एक माळ घेतला होता. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी मी आईबरोबर गेले होते. मी तेव्हा चौथीत होते. स्टीलच्या डब्यात हात घालून आईनं काढली ती शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्याची चिठ्ठी. ती मोठ्यानं वाचली गेली तेव्हा ज्यांचे नंबर अजून यायचे होते त्यांचे चेहरे सैल झाल्याचं मला अजून आठवतं.

तो प्लॉट सगळ्यांत मोठा होता, बाकीच्यांच्या दुप्पट-अडीचपट. पण त्याला सरळ म्हणावी अशी एकच बाजू होती. मागून ओढा जायचा. अर्धी जागा खडकाळ, अर्धी खोलगट. घर बांधण्याजोगी जमीन रस्त्याकडेला थोडीशी, आणि उरलेल्या जागेचं करायचं काय ते कुणालाच कळत नव्हतं. म्हणून तर सोसायटीनं तिचे तुकडे पाडले नव्हते.

आईनं मात्र घरी येऊन गूळ घातलेला चहा केला आणि म्हणाली, "लई जागा हाय बघ. पळायला येतंय."

घरात आम्ही दोघीच. बाबा मी बालवाडीत असतानाच गेले होते. आई बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती आणि तिचं माहेर युसूफ वडगावच्या बाजूचं, कोरडवाहू शेतीचं. तिनं दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढं पत्र्याची पडवी एवढंच बांधलं. उरलेल्या जागेत तिनं गाळ आणून टाकला. उन्हाळ्यात तलाव आटले की लोक तळातला गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेतात. आई तो प्लॉटवर आणायची. दोन-तीन वर्षांनी एकदा, पाच-सहा खेपा. खोलगट जागा तशी हळूहळू भरत गेली आणि तिच्यात झाडं उभी राहिली. कडुनिंब, चिंच, जांभूळ, रामफळ, शेवगा, आणि खडकाळ भागात न लावताच वाढलेली सीताफळं.

फाटकाच्या दोन बाजूंना दोन झाडं होती. उजवीकडं बकुळ. ती आईच्या जुन्या मेट्रननं निवृत्त होताना कुंडीसकट दिली होती. डावीकडं आंबा. तो एका ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं आणला होता. तिचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं होतं आणि आई दोन दिवस ड्यूटी संपल्यावरही तिच्याजवळ थांबली होती. पुढच्या वर्षी कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परतताना ती बाई वाट वाकडी करून आमच्याकडं आली. कडेवर पोर, आणि हातात डालड्याच्या डब्यात वीतभर आंब्याचं रोप. "सिस्टर, दुसरं काय आणू," एवढंच म्हणाली. आईनं तिला जेवू घातलं आणि त्याच दुपारी दोघींनी मिळून खड्डा घेतला.

वीस वर्षांत गाव आमच्या सोसायटीला ओलांडून पुढं गेलं. कडेचा माळ मधोमध आला. प्रत्येकानं पाच झाडं लावायचीच, असा संस्थेचा ठराव होता आणि बहुतेकांनी तो पाळला होता, त्यामुळे आमच्या रस्त्यांवर भर उन्हाळ्यातही सावली असायची. संध्याकाळी दुसऱ्या भागातली माणसं मुद्दाम तिथं फिरायला यायची. आमचं घर तर बाहेरून दिसायचंच नाही. आंबा आणि बकुळ फाटकावर एकमेकांत मिसळले होते.

मला त्या घराची लाज वाटायची, हेही इथं लिहायला हवं. मैत्रिणींकडं स्लॅबची घरं होती, जिने होते, गच्ची होती. आमच्याकडं पाव एकराच्या आसपास जागा आणि दोन खोल्या. कॉलेजात असताना मी आईच्या मागं लागले होते की वर मजला काढू. ती म्हणाली, "वर कोण राहणार हाय? तू तर जाशील." मी गेलेच. लग्न होऊन पुण्याला गेले, तिथंच नोकरी धरली. आई निवृत्त झाली आणि त्या झाडांत एकटी राहू लागली.

दुष्काळ तिला नवे नव्हते. एका दुष्काळात तिनं दवाखान्यातल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणल्या होत्या, प्रत्येक लहान झाडाला एक बांधली होती आणि नळीची चकती फिरवून थेंब थेंब पाणी सोडलं होतं. भांड्यांचं, कपड्यांचं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी तिच्याकडं ठरलेल्या झाडाला जायचं. पण मी सांगते आहे ते वर्ष वेगळं होतं. लागोपाठ दोन पावसाळे हुकले होते. धरण तळाला गेलं होतं. नळाला वीस-वीस दिवसांनी पाणी येत होतं. होळीच्या सुमाराला समोरच्या काकांचा फोन आला की सिस्टर घागर उचलताना चक्कर येऊन पडल्या.

हे काका म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. एक्स-रे विभागातून निवृत्त झालेले. आमच्या फाटकासमोर त्यांचं घर. संस्था उभी करण्यात त्यांच्या चपला झिजल्या होत्या. आई त्यांना भाऊ म्हणायची आणि ते तिला सिस्टर.

मी लगेच गेले. आई खाटेवर बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होती. कपाळाला खोक पडली होती. मी तिला पुण्याला चल म्हटलं. ती नाही म्हणाली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, झाडांना कोण बघंल, अशी तिची कारणं. मी रडले, रागावले. शेवटी काका म्हणाले, "सिस्टर, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. जमेल तेवढं पाणी मी घालतो. पाऊस पडला की या." त्यांचं तिनं ऐकलं. निघताना तिनं त्यांना एकेका झाडाजवळ नेऊन किती पाणी, कुठल्या वेळी, ते सांगितलं. आमची एसटी चुकायची वेळ आली होती.

पुण्यात ती माझ्या कल्पनेपेक्षा चांगली रमली. नळ सोडला की पाणी येतं याचं तिला आठवडाभर अप्रूप वाटलं. दुपारी जेवून झोपायला लागली. आयुष्यभर तीन पाळ्यांत काम केलेल्या बाईला दुपारची झोप ठाऊकच नव्हती. तिचा चेहरा भरला. मला ते बघून फार बरं वाटायचं. दर दोन-चार दिवसांनी काकांना फोन करायचा आणि आईला सांगायचं, सगळं बरं आहे, हे माझं काम होऊन बसलं.

एप्रिल संपत आला होता. रविवार होता. दुपारी काकांचाच फोन आला.

"ताई, सिस्टर आहेत का जवळ?"

"झोपलीय. उठवू का?"

"राहू द्या. तुम्हालाच सांगतो." मग त्यांनी सांगितलं की सोसायटीचं बोअर आटलं. टँकर आठ-आठ दिवस येत नाही. काल सगळ्या सभासदांची बैठक झाली. पाणाड्या आणला होता. तो हातावर नारळ घेऊन सगळी सोसायटी फिरला आणि नारळ उभा राहिला तो आमच्या घरामागं, ओढ्याच्या अंगाला. तिथं संस्थेतर्फे बोअर घ्यावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पाणी लागलं तर सगळ्या घरांची सोय होईल.

"घ्या की," मी म्हटलं. "पाण्याला कोण नाही म्हणतंय?"

"सिस्टर नाही म्हणणार नाहीत, मला खात्री आहे. पण एक अडचण आहे. बोअरची गाडी फार मोठी असते. तिच्यामागं कॉम्प्रेसरची दुसरी गाडी. फाटकातून आत घ्यायची तर आंबा आणि बकुळ दोन्ही आड येतात."

"फांद्या छाटून नाही भागणार?"

"बुंधेच आड येतात ताई. मापून बघितलं. म्हणून म्हटलं, सिस्टरना एकदा विचारा. मी संध्याकाळी परत फोन करतो."

आई शेजारच्या खोलीत होती. दार अर्धवट उघडं होतं, आणि पंख्याखाली कुशीवर झोपलेली तिची पाठ मला दिसत होती. उठून दहा पावलं जायचं होतं. मी गेले नाही. मला वाटलं, हिला सांगितलं तर ही उद्याच्या गाडीनं त्या उन्हात परत जाईल. तिथं पाणी नाही, पुन्हा कुठंतरी पडेल. हे कारण खरं होतं. पण त्याच्याशेजारी दुसरंही एक होतं, ते मी बरेच दिवस स्वतःला कळू दिलं नाही. मला वाटलं होतं, दोन झाडं तर आहेत. पन्नास-साठ घरांच्या पाण्यापुढं दोन झाडांचं एवढं काय विचारायचं?

"संध्याकाळपर्यंत कशाला थांबता," मी म्हटलं. "मी सांगते तिला. ती हो म्हणेल. तुम्ही काम सुरू करा."

"नक्की ना ताई?"

"नक्की."

आई उठल्यावर मी चहा टाकला. तिनं विचारलं, "फोन कुणाचा होता?" मी म्हटलं, "ऑफिसचा."

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मी ऑफिसात होते. त्यांचा आवाज बसला होता. "सहाशे फुटांच्या पुढं गेलो ताई. नुसता फुफाटा. ओलसुद्धा लागली नाही." मग म्हणाले, "सिस्टरना वाईट वाटलं असंल. सांगितलंत ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

म्हणजे आता खोटं दोन्हीकडं झालं. आईला वाटत होतं झाडं आहेत. काकांना वाटत होतं आईला ठाऊक आहे. पुढचे दीड महिने मी ते तसंच चालू दिलं. आई कधी कधी भाजी निवडता निवडता म्हणायची, "यंदा आंब्याला मोहर कमीच होता. पण पाडाला आला असंल एखादा." मी म्हणायचे, हो, काका म्हणत होते. एकदा काकांनी आईशी बोलायची इच्छा दाखवली, तर ती अंघोळीला गेली आहे असं मी सांगितलं. रोज वाटायचं आज सांगावं. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

जूनच्या मध्याला तिकडं दोन पाऊस झाले आणि आईनं पिशवी भरली. मी रजा टाकून तिच्याबरोबर निघाले. गाडीत सांगायचं असं मी ठरवलं होतं. नगर गेलं. पुढं बीड गेलं. केजला आई चिवडा काढून मला देत म्हणाली, "तू कावून गप हाईस? बरं न्हाई का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

रिक्षा आमच्या रस्त्याला वळली आणि घर दिसलं. रस्त्यावरून ते कधीच दिसायचं नाही. पिवळ्या भिंती, पत्रा, पडवीतली कपडे वाळत घालायची दोरी, सगळं उघडं. फाटक काढून भिंतीला टेकवलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बुंध्यांच्या चकत्या जमिनीबरोबर कापलेल्या. आंब्याच्या चकतीवर अजून चीक वाळलेला होता. बोअरमधून उडालेली करडी पूड सगळीकडं बसली होती, आणि तिच्यावर पाऊस पडून तिचा लगदा वाळला होता.

आई रिक्षातून उतरली आणि उभी राहिली. पिशवी तिनं हातातच धरली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

समोरून काका लगबगीनं आले. त्यांनी हात जोडले. "सिस्टर, माफ करा. तुम्ही एका शब्दानं हो म्हणालात, आणि आमच्या नशिबाला पाणी लागलं नाही. तुमची झाडं तेवढी गेली. दीड महिना तुम्हाला तोंड कसं दाखवावं याच विचारात आहे मी."

मी खाली बघत होते. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

आईनं काकांकडं पाहिलं. मग म्हणाली, "हो भाऊ. सांगितलं होतं हिनं मला. तुमी कशाला जीवाला लावून घेता? पाण्याचं कुणाच्या हातात असतंय?"

काकांचे डोळे भरून आले. ते आमच्या पिशव्या घेऊन आत आले. आईनं त्यांना बसवलं, चूल पेटवावी तसा सावकाश गॅस पेटवला, चहा दिला. त्यांच्या नातवाची चौकशी केली. ते गेल्यावर तिनं कप विसळले, पदराला हात पुसले आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मी तिच्यामागं गेले.

बोअरचा पाइप जमिनीतून हातभर वर आला होता, त्याच्या तोंडावर दगड ठेवला होता. आई तिथं थांबली नाही. ती थेट ओढ्याकडच्या तारेच्या कुंपणापर्यंत गेली. तिथं दगडी खांब होते. तिनं एका खांबाला दोन्ही हात लावून हलवलं. तो खांब दात हलावा तसा हलला.

"हे चार खांब नुसते रोवल्यात," ती म्हणाली. "शिमीट न्हाई घातलं. गाळाचं ट्रॅक्टर इकडून यायचं म्हणून. ओढा तर कोरडाच होता. गाडी ओढ्यातून वर आली असती. खाली खडक हाय, रुतली पण नसती."

मलाही ते माहीत होतं. लहानपणी त्या ट्रॅक्टरच्या गाळावर बसून ओढ्यातून वर चढत मीच आले होते, एकदा नाही, चार-पाच वेळा. फोनवर काका मापं सांगत होते तेव्हा मला ते आठवलं नाही. समोरच्या काकांना ते कळायचं कारणच नव्हतं. त्यांच्या घरावरून फक्त फाटक दिसायचं, आणि पाणी घालायला ते मागं जायचे तरी खांब नुसते रोवलेत हे हलवून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. ट्रॅक्टरवाले सोडले तर ते ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्या दुपारी त्यांतली एक झोपली होती.

"मी होच म्हणले असते," आई म्हणाली. "पाण्याला न्हाई कावून म्हणीन मी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं खांब पुन्हा सरळ केला आणि बुडाशी पायानं माती दाबली. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुला त्रास नको म्हणून..." तिनं हात वर केला. "झालं ते. आत चल, डास हायत."

त्यानंतर ती चार वर्षं जगली. या विषयावर एक शब्दही बोलली नाही. फाटकाशी तिनं पुन्हा काही लावलं नाही. मी एकदा कलमी आंब्याचं रोप नेलं तर तिनं ते काकांच्या सुनेला देऊन टाकलं. पुण्याला मात्र ती पुन्हा कधी आली नाही. फोन केला की सांगायची, "सगळं बरं हाय." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला आठ दिवसांनी कळलं, तेही तिच्या जुन्या वॉर्डातल्या एका नर्सकडून. मी चिडून फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "तुला कशाला तरास?" ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं होतं की सहज, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. टोमणे मारायचा तिचा स्वभाव नव्हता.

ती गेली तेव्हा सोसायटीनं शोकसभा ठेवली. मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. वॉर्डातल्या नर्स आल्या होत्या, घाटनांदूरहून तिची मावसबहीण आली होती, आणि तिच्या हातांवर जन्मलेली, आता मिशा आलेली तीन-चार माणसं मागं उभी होती. काका बोलायला उठले. त्यांनी सांगितलं की दुष्काळात सगळ्यांच्या पाण्यासाठी सिस्टरनी स्वतःच्या हातानं वाढवलेली दोन झाडं एका शब्दानं दिली. पुण्याहून फोनवर हो म्हटलं, क्षणाचाही विचार केला नाही. पाणी लागलं नाही तरी एका अक्षरानं बोलल्या नाहीत. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग संस्थेचा ठराव वाचून दाखवला, त्यातही ते होतं. ठरावाची एक प्रत फ्रेम करून मला दिली.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले. हे खरं नाही, तिला कुणी विचारलंच नव्हतं, असं सांगायला तीच जागा होती आणि तीच माणसं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

घर मी विकलेलं नाही. आईच्याच दवाखान्यातली एक नर्स आपल्या मुलीसह तिथं भाड्यानं राहते. उरलेली झाडं आहेत; चिंच आता फार मोठी झाली आहे. काका ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायला कमी येतं. गेल्या वर्षभरात मी दोनदा त्यांच्याकडं गेले, सांगायचं असं ठरवूनच. दोन्ही वेळा त्यांनी आईचीच गोष्ट काढली आणि सिस्टरसारखी माणसं आता राहिली नाहीत असं म्हणाले. मी चहा घेतला, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि परत आले.